धुतल्यावर चरचर का वाढली, आणि आता काय करायचं

जुन्या एलपी (विनाइल प्लॅस्टिकच्या मोठ्या ग्रामोफोन रेकॉर्ड) हाती आल्या, नळाच्या कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून धुतल्या, टॉवेलने पुसल्या, उभ्या ठेवून वाळवल्या. दिसायला चकचकीत झाल्या, पण वाजवल्यावर चरचर आधीपेक्षा जास्त. आता अल्ट्रासॉनिक मशीन (ध्वनिलहरींनी पाण्यात मळ सोडवणारं) घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात घेऊ नका. तुमच्या रेकॉर्ड धुऊन झाल्यात, विसळायच्या राहिल्यात.

एलपीची खाच वरच्या तोंडाशी साधारण ०.०५ ते ०.०६ मिलिमीटर रुंद असते आणि खाली निमुळती होत जाते. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन, म्हणजे ०.०१८ मिलिमीटर. ही सुई खाचेच्या तळाला टेकत नाही, ती दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टेकून चालते. तळाशी थोडी फट उरते आणि जुनी धूळ बऱ्याचदा तिथेच निमूट पडून असते. तुम्ही पाणी घातलंत तेव्हा ती धूळ सुटून तरंगायला लागली. टॉवेलने वरचं पाणी टिपलं, खाचेतलं नाही. ते जागच्या जागी आटलं आणि आटताना धूळ, साबणाचा अंश, पाण्यातले क्षार असं सगळं भिंतींवर सोडून गेलं. सुई नेमकी तिथेच टेकते.

म्हणून कुठलीही पद्धत समोर आली की मी एकच गोष्ट बघतो: घाण घेतलेलं पाणी आटायच्या आत रेकॉर्डवरून उचललं जातंय का? घाण सोडवणं अवघड नाही. बाजारातल्या बाटल्यांवरचे दावे सगळे सोडवण्याबद्दलच असतात.

पण धुवायला घेण्याआधी एकदा कान देऊन ऐका, कारण प्रत्येक आवाज धुण्याने जाणारा नसतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदांत होतो. टकटक बरोबर तेवढ्या अंतराने येत असेल, एका टकटकीला मोबाईलचं स्टॉपवॉच सुरू करून पुढच्या दहा टकटकींना अठरा सेकंद लागत असतील, तर तो ओरखडा आहे किंवा त्या जागी काहीतरी घट्ट चिकटलंय. भिंग आणि टॉर्च घेऊन बघा. चिकटलेलं निघेल, ओरखडा निघणार नाही. गाणं चढलं की आवाज फाटतो, 'स' आणि 'श' थुंकल्यासारखे येतात, आणि बाजूच्या शेवटाकडे हे वाढत जातं, असं असेल तर संशय झिजेवर घ्या, नाहीतर कार्ट्रिजच्या (सुई जिच्यात असते त्या डबीच्या) बसवणुकीवर. शेवटाकडे वाढण्याचं कारण सरळ आहे. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर वेगाने सरकते, आत लेबलजवळ जेमतेम २१. तोच आवाज कमी लांबीत कोंबलेला असतो, त्यामुळे सुईची आणि खाचेची प्रत्येक खोट तिथे उघडी पडते. एखाद्याच ठिकाणी काही सेकंद चेन ओढल्यासारखा आवाज येऊन थांबत असेल, तर ती बहुधा छपाईतली उणीव असते. खाच साच्यात पूर्ण भरलीच नाही. त्याला कुणाकडेच उपाय नाही.

बिनठेक्याची, पसरलेली चरचर, जी दर वेळी थोडी वेगळी ऐकू येते, ती आपली, म्हणजे धुण्याने जाणारी. धूळ, बुरशी, बोटांचं तेल, आधीच्या धुण्याचा साका आणि स्थिर वीज. यातली स्थिर वीज धुळीची बहीण आहे. विनाइल घासलं की पटकन ऋणभारित होतं आणि कोरड्या हवेत तो भार टिकून राहतो. रेकॉर्ड पाकिटातून काढताना हाताचे केस उभे राहिले की समजायचं, ती हवेतली धूळ ओढून घेणार. कार्बन फायबरचा ब्रश प्रत्येक वेळी वाजवण्याआधी फिरवावा, तो इथे उपयोगी पडतो. खोल बसलेल्या घाणीसाठी तो नाही.

एक आडवळणाची गोष्ट. तुमच्या गठ्ठ्यात मोनो (एकाच चॅनेलच्या) रेकॉर्ड असतील आणि अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ते दाबून बघा. मोनो रेकॉर्डमध्ये संगीत खाचेच्या आडव्या हालचालीत असतं. स्टिरिओ कार्ट्रिज उभी हालचालही टिपतं, आणि अशा रेकॉर्डवर उभ्या हालचालीत गाण्याचं काहीच नसतं, नुसती खरखर असते. दोन्ही चॅनेल एकत्र झाले की ती बरीचशी कटते. थेंबभर पाणी न लावता एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

आता द्रावण. नळाचं पाणी बंद, डिस्टिल्ड पाणी घ्या. नुसतं पाणी खाचेत नीट उतरत नाही, कारण त्याचा पृष्ठताण जास्त असतो. विनाइलवर त्याचे थेंब गोळा होऊन बसतात. म्हणून त्यात वेटिंग एजंट, म्हणजे पाणी पसरवणारा पदार्थ लागतो, आणि तो नॉनआयनिक (विद्युतभार नसलेला) हवा. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने यासाठी टर्जिटॉल नावाचा असा पदार्थ वापरलाय. फोटो धुणारे लोक वापरायचे ते कोडॅकचं फोटो-फ्लोही बरेच जण घालतात. प्रमाण फार थोडं ठेवायचं, लिटरभर पाण्याला काही थेंब. रेकॉर्डवर पाणी थेंब न होता सपाट पसरलं की पुरे झालं. फेस आला तर जास्त झालं, आणि जे जास्त झालं ते पुन्हा विसळून काढावं लागणार. भांड्यांच्या लिक्विडशी माझं भांडण एवढंच आहे की त्यात सुगंध, रंग आणि हात मऊ ठेवणारे पदार्थ असतात. ते खाचेत राहायलाच उत्सुक असतात.

आयसोप्रोपिल अल्कोहोलवर लोक हमरीतुमरीवर येतात. ते विनाइलमधलं प्लॅस्टिसायझर शोषून रेकॉर्ड ठिसूळ करतं, असं सांगितलं जातं. एलपीचं विनाइल मुळात कडक असतं, मऊपणासाठी घालतात तसं प्लॅस्टिसायझर त्यात जवळपास नसतंच. त्यामुळे दहा-पंधरा टक्के अल्कोहोल मिनिटभर लागल्याने एलपीचं काही बिघडतं असं मी मानत नाही. बोटांच्या तेलकट डागांवर ते कामाचं आहे आणि पाणी पसरायलाही मदत करतं. पण शुद्ध अल्कोहोल ओतू नका, आणि ते वापरताना आजूबाजूला ज्योत नको.

हे सगळं फक्त विनाइलसाठी. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्ड बहुतेक लाखेच्या, आणि अल्कोहोल लाख विरघळवतं. तिथे एक थेंबही नको. वेटिंग एजंट घातलेलं डिस्टिल्ड पाणी, झटपट काम आणि लगेच कोरडं करणं, एवढंच. त्यातही काहींच्या आत कागदाचा थर असतो, काठाला चीर असेल तर पाणी आत शिरतं. एडिसन कंपनीच्या डायमंड डिस्क नावाच्या जुन्या जाड रेकॉर्डना पाणीच लावायचं नाही, त्यांचा गाभा फुगतो. आणि गठ्ठ्यात अॅल्युमिनियमवर लॅकर चढवून त्यावर थेट आवाज कोरलेली एखादी तबकडी निघाली, वर पांढरट तेलकट थर आलेला असला, तर तिला हात न लावता जाणकाराकडे द्या. तशी दुसरी प्रत बहुधा जगात नसते. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या काही छोट्या रेकॉर्ड पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकच्या असतात, त्यांनाही अल्कोहोल लावू नये.

हाताने धुण्याची पद्धत सांगतो. वाजवायच्या टर्नटेबलवर हे करू नका, ब्रशच्या दाबाने बेअरिंगला त्रास होतो. जुनं बंद पडलेलं टर्नटेबल किंवा मऊ मॅट पुरते. आधी कोरडा ब्रश फिरवून सुटी धूळ काढा, नाहीतर पाणी पडताच तिचा चिखल होतो. मग पिपेटने किंवा बारीक तोंडाच्या बाटलीने द्रावण सोडा, लेबलपासून बोटभर दूर. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा, काही फेरे सुलट, काही उलट. दाबू नका. केस खाचेत जातील इतकंच वजन हवं. मिनिटभर मुरू द्या, पण वाळू देऊ नका. कडेने सुकायला लागलं तर आणखी द्रावण घाला.

त्यानंतर पाणी उचलायचं. मशीन नसेल तर दाट मायक्रोफायबरचं कापड वर ठेवून दाबा, उचला, कोरडा भाग पुढे आणा, पुन्हा दाबा. पुसू नका, पुसल्याने मळ एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. मग नुसतं डिस्टिल्ड पाणी घालून, वेगळ्या ब्रशने, हीच क्रिया पुन्हा. आणि ती परत एकदा. विसळण्याचा ब्रश आणि कापड धुण्याच्या ब्रशपासून वेगळे ठेवले नाहीत तर विसळण्याला अर्थ राहत नाही. ही कापडं फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये कधी भिजवू नका, त्याचा थर कापडातून रेकॉर्डवर येतो.

कापडाने टिपणं कितीही मन लावून केलं तरी थोडं पाणी खाचेत राहतंच, म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर आधी पाणी ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूम मशीनवर करा. कीथ मंक्स यांनी १९६९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये असं मशीन आणलं आणि बीबीसीनेही ते वापरलं. त्यात टोनआर्मसारखी (सुई धरणाऱ्या दांड्यासारखी) बारीक नळी रेकॉर्डवरून हळूहळू सरकत पाणी ओढते. टोकाशी सतत पुढे जाणारा दोरा असतो, त्यामुळे नळी रेकॉर्डला घासत नाही आणि आधीचा मळ पुढे लागत नाही. आजची बहुतेक मशीनं साधी असतात. मखमलीच्या पट्ट्या लावलेली फटीची नळी पूर्ण त्रिज्येवर एकदम बसते आणि एक-दोन फेऱ्यांत काम उरकते. तिथे दोन गोष्टी सांभाळा. मखमल मळते, म्हणून धुण्याची नळी वेगळी आणि विसळण्याची वेगळी. आणि रेकॉर्ड कोरडी दिसल्यावर फिरवत राहू नका, कोरड्या मखमलीने स्थिर वीज तयार होते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर जोडून जुगाड करणारे आहेत आणि तो चालतो, पण क्लीनर ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा हवा. साध्या क्लीनरच्या मोटरमध्ये पाणी गेलं तर शॉक लागू शकतो.

अल्ट्रासॉनिकबद्दल आता. बहुतेक स्वस्त टाक्या ४० किलोहर्ट्झच्या असतात. पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्या धक्क्याने भिंतींवरचा मळ सुटतो. वारंवारता जास्त तसे बुडबुडे बारीक, म्हणूनच डिग्रिटरसारखं मशीन १२० किलोहर्ट्झवर चालतं. काम उत्तम होतं, ब्रशने न निघालेला शेवटचा थर निघतो. पण ते शेवटच्या थरासाठीच आहे. मळकी रेकॉर्ड थेट टाकीत घातली तर तिचा मळ पाण्यात जातो आणि पुढच्या सगळ्या रेकॉर्ड त्यातच बुडतात. चांगल्या मशीनमध्ये फिल्टर असतो, स्वस्तात नसतो. पाणी तापतं, त्याकडे लक्ष हवं. ३५ अंश सेल्सिअसच्या वर मी जाऊ देत नाही, विनाइल वाकायला फार उष्णता लागत नाही. आणि टाकीतून काढल्यावर पुन्हा तोच प्रश्न उरतो, पाणी उचलायचं कशाने? ज्यांच्याकडे व्हॅक्यूम आहे आणि संग्रह मोठा आहे त्यांनी हे जरूर घ्यावं.

लाकूडकामाचा पांढरा गोंद ओतून, वाळल्यावर सोलून काढायची पद्धत तुमच्या वाचनात येईलच. पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचा तो गोंद विनाइलला पक्का धरत नाही आणि मळ घेऊन निघतो, हे खरं. पण थर पातळ पडला तर तुकड्यांत तुटतो, आणि तुटलेला तुकडा खाचेतून काढणं मूळ मळापेक्षा वाईट. सोलताना स्थिर वीजही भरपूर तयार होते. हरवली तरी चालेल अशा रेकॉर्डवर हौस भागवा, लाखेच्या रेकॉर्डवर अजिबात नको. काचा पुसायचे स्प्रे आणि वंगणाचे फवारे यांचं मी बोलतच नाही.

सुईही बघा. मळक्या रेकॉर्ड वाजवल्यात म्हणजे तिच्या टोकाला गोळा चिकटलेला असणार. सुईचा छोटा ब्रश फक्त मागून पुढे फिरवायचा, आडवा किंवा उलटा कधीच नाही, कँटिलिव्हर (सुई जिच्या टोकाला असते ती बारीक दांडी) वाकतो. मेलामाइन फोमच्या (डाग घासायच्या पांढऱ्या स्पंजच्या) लहान तुकड्यावर सुई सरळ वरून हलकेच टेकवून उचलली तर चिकट मळही निघतो. फोम बाजूला ओढायचा नाही. सुईला द्रव लावायचा असेल तर कार्ट्रिजच्या कंपनीचं पत्रक वाचा, अल्कोहोलबद्दल कंपन्यांचं म्हणणं वेगवेगळं आहे.

धुतलेली रेकॉर्ड जुन्या कागदी पाकिटात परत घालू नका. त्यात आधीची धूळ असते आणि जुना कागद बारीक तंतू सोडतो. अँटिस्टॅटिक पॉलिथिनची आतली पाकिटं घ्या. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत मात्र ठेवू नका, त्यांतल्या प्लॅस्टिसायझरने रेकॉर्डवर धुरकट पट्टे उठतात आणि ते बऱ्याचदा कायमचे असतात. कव्हरवर बुरशीचा वास असेल तर ते वेगळं ठेवा, नाहीतर बुरशी परत रेकॉर्डवर येते.

तुमच्या गठ्ठ्यापुरतं सांगायचं तर सगळ्या एकदम काढू नका. सगळ्यात जास्त चरचरणारी एक एलपी घ्या, तिची एकच बाजू वरच्या पद्धतीने धुऊन दोनदा विसळा, दुसरी तशीच ठेवा. रात्रभर वाळू द्या, सुई साफ करा आणि दोन्ही बाजू लागोपाठ ऐका. विसळलेली बाजू शांत झाली तर बाकीच्यांनाही तेच करा. नाही झाली तर उरलेला आवाज कसा आहे, ठेक्यात येतो की पसरलेला, ते इथे लिहा. रेकॉर्डवर टॉर्च तिरका धरून काढलेला फोटोही टाका. खाचा झिजून करड्या पडल्या असतील तर त्यात दिसेल.