बाटलीतली बिअर सपक लागतेय? आधी थांबा

घरी केलेली बिअर बाटलीत भरलीत आणि फसफसत नाही म्हणता; पण दहा दिवसांतच बाटली उघडलीत, तीही थंडीत. पहिल्या खेपेला सगळेच उघडतात, मीही उघडली होती. बिअर बिघडलेली नाही, तिला फक्त वेळ हवाय.

बाटलीतला गॅस यीस्टच (बिअर आंबवणारे सूक्ष्म जीव) तयार करतं, बाटल्या भरताना घातलेली साखर खाऊन, आणि गारठ्यात यीस्ट झोपतं. मिनेसोटातल्या आमच्या तळघरात जानेवारीत १४ अंश असायचे. महिना झाला तरी ढिम्म. खोकी वर स्वयंपाकघरात आणली आणि पंधरा दिवसांत फेस धरला. तेव्हा बाटल्या २० ते २४ अंशांत ठेवा आणि पूर्ण तीन आठवडे हात लावू नका. मग एकच बाटली दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून उघडा. गार बिअरमध्ये गॅस नीट मुरतो.

तरीही सपकच निघाली तर:

- एक बाटली फसफसते, दुसरी मेलेली? साखर नीट ढवळली गेली नव्हती. पुढच्या वेळी ती पाण्यात उकळून पाक बाटल्या भरायच्या बादलीत आधी ओता, त्यावर बिअर सोडा.
- सगळ्याच सपक? साखर मोजली होती की चमच्याने अंदाजे? लिटरला साधारण ६ ग्रॅम, वजनकाट्यावर.
- बूच बोटांनी फिरतंय? गॅस तिथूनच जातोय.

घाईने वरून साखर मात्र घालू नका. उशिरा जागं झालेलं यीस्ट तीही खातं आणि काच फुटते.

पुढच्या वेळी एका बाटलीपुरती बिअर सोड्याच्या प्लास्टिक बाटलीत भरा. दाबून बघायची, दगडासारखी लागली की झालं.