बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातला, ओळखीच्या घोळावरचा एखादा प्रेमविनोदी सिनेमा सुचवाल का? रटाळ नको.

'लव्ह मी टुनाइट' बघा. साल १९३२, म्हणजे आपल्याकडे 'अयोध्येचा राजा' आला तेच. दिग्दर्शक रूबेन मामूलियन.

मॉरिस शेव्हालिए पॅरिसमधला शिंपी. एक उमराव त्याच्याकडून भारी भारी कपडे शिवून घेतो आणि पैसे बुडवतो. शिंपी वसुलीला थेट त्याच्या काकाच्या गढीवर धडकतो. काकाला उधारीचा पत्ता लागला तर धडगत नाही, म्हणून उमराव घाईघाईत सांगून टाकतो, 'हे आमचे मित्र, बॅरन,' म्हणजे शिंप्यालाही उमराव करून टाकतो. गढीत एक राजकन्या आहे, जनेट मॅकडोनाल्ड. पुढचं ओळखलंच असेल तुम्ही.

मला आवडतं ते बिंग फुटण्याचं कारण. एरवी अशा गोष्टींत हरवलेलं पत्र सापडतं, नाहीतर जुना ओळखीचा टपकतो. इथे राजकन्येचा घोडेस्वारीचा पोशाख वाईट बेतलेला आहे आणि ते या गड्याला बघवत नाही. तो मापं घेतो, स्वतः शिवून देतो. पोशाख इतका झकास बसतो की आता हा बॅरन कसला! मग काका, आत्या, नोकरचाकर, सगळी गढी 'हा तर नुसता शिंपी' म्हणून गाण्यातून बोंब ठोकते.

रटाळपणाची भीती सुरुवातीच्या पाच मिनिटांतच जाईल. पहाटेचं पॅरिस: कुदळीचा घाव, कुणाचं घोरणं, झाडूची खरखर, चांभाराची हातोडी, एकेक आवाज मिसळत ताल तयार होतो. त्यानंतर शिंप्याच्या दुकानात सुरू झालेलं गाणं गिऱ्हाइकाच्या तोंडून टॅक्सीवाल्याकडे, मग आगगाडीतल्या सैनिकांकडे, तिथून जिप्सींच्या व्हायोलिनवर आणि शेवटी राजकन्येच्या सज्जापर्यंत पोचतं. दोघांची अजून भेटही झालेली नाही! त्या काळी आवाज नीट टिपला जावा म्हणून मायक्रोफोनच्या धाकाने बरेच बोलपट एका जागी खिळून बसायचे, हे ध्यानात ठेवून बघा. गाणी रॉजर्स आणि हार्ट यांची.

क्रिकेटवाल्यांसाठी: काका झालेले सी. ऑब्री स्मिथ आयुष्यात एकच कसोटी खेळले, तीही इंग्लंडचे कर्णधार म्हणून, १८८९ मध्ये.

शेवटाकडची घोडा आणि आगगाडीची शर्यत मला जरा ताणलेली वाटते. आणि गढीतली काउंटेस झालेली मर्ना लॉय एवढी कमी का दिसते असं वाटलं, तर पुढे सेन्सॉरच्या नियमांपायी तिचे काही तुकडे कापले गेले, ते परत मिळालेले नाहीत.