मुख्यमंत्री आपला, तरी विदर्भ मागे का?

प्रश्न : मी अर्जुनी मोरगावची, पुण्यात शिकते. होस्टेलवर वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की मैत्रिणी म्हणतात, "तुमच्याकडचे इतके मुख्यमंत्री झाले, मग अन्याय कसला?" मला उत्तर सुचत नाही. सर, तुम्ही काय सांगाल?

उत्तर : मैत्रिणींचं म्हणणं खोटं नाही, ते आधी मान्य कर. मारोतराव कन्नमवार चंद्रपूरकडचे. वसंतराव नाईक पुसदचे, आणि १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून जास्त सत्ता त्यांच्या हाती होती. पुढे सुधाकरराव नाईक झाले, नंतर देवेंद्र फडणवीस.

आता तू त्यांना सभागृह मोजायला सांग. २८८ च्या विधानसभेत सरकार टिकवायला १४५ लागतात. विदर्भाचे सगळे आमदार पक्ष विसरून एका बाकावर बसले तरी ६२ भरतात. मुख्यमंत्री कुठलाही असो, त्याला उरलेल्यांची मर्जी राखावीच लागते. २००४ च्या निवडणुकीपर्यंत आपले ६६ होते. २००१ ची जनगणना धरून मतदारसंघ नव्याने आखले आणि चार गेले. लोकसभेच्या ११ जागांच्या १० झाल्या. त्याच फेररचनेत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या १३ जागांच्या २४ झाल्या. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणणार नाही. माणसं जिकडे गेली, तिकडे जागा गेल्या. पण माणसं का गेली, हे विचारायला हवं. ओलित नाही, कारखाना नाही, म्हणून पोरं पुण्या-मुंबईकडे जातात, तिकडेच मोजली जातात, आणि मागे राहिलेल्या आईबापांचा आवाज आणखी बारीक होतो.

नकाशा काढून बसा. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटर, आमदार तीन. मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून सहाशेच्या आसपास, आमदार छत्तीस. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता बंद. वीज जाते, फोन लागत नाही, दवाखान्यात न्यायची बाई अलीकडच्या काठावर ताटकळते. हे वर्षानुवर्षं चालत आलंय. ही गोष्ट सभागृहात मांडायला अहेरीचा एकच आमदार आहे, आणि त्याला ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांनी पर्लकोटा पाहिलेली नाही. एका माणसाला एक मत हे तत्त्व मलाही प्यारं आहे. म्हणूनच मला वाटतं, विरळ वस्तीच्या मुलखाला डोकी मोजण्यापलीकडचं काही संरक्षण हवं. ते कबूल झालं होतं. पुढच्या प्रश्नात त्याचंच आहे.

प्रश्न : माझं वय झालं. १९५३ च्या नागपूर करारावर आम्ही भरवसा ठेवला होता. त्या कागदाला आज काही किंमत उरली आहे का? (एक निवृत्त शिक्षक, अकोला)

उत्तर : गुरुजी, आपल्या पिढीने विश्वास टाकला तो वेडेपणाने नव्हे. विदर्भाने मराठी राज्यात यावं म्हणून झालेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या त्या करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत आणि शिक्षणात वाटा, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आणि वर्षाला विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन नागपुरात, असं सगळं लिहून दिलं होतं. त्यानंतर दोन वर्षांनी राज्यांची फेररचना सुचवणाऱ्या फाजल अली आयोगाने तर आठ जिल्ह्यांचं स्वतंत्र विदर्भ राज्य करावं, ते स्वतःच्या पायावर उभं राहील, असंच सांगितलं. ते मानलं गेलं नाही. १९५६ साली आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि नागपूरची राजधानी गेली; १९६० साली महाराष्ट्रात आलो.

खंडपीठ राहिलं, अधिवेशनही होतं. पैशाचं कलम मात्र राहून गेलं. हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. राज्य सरकारनेच नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली हिशेब मांडला: राज्याचा एकूण अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांना राज्याच्या सरासरीवर आणायला लागणारा खर्च, सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के.

माझं गाव नागभीड तालुक्यात. तलाव मालगुजाराच्या काळचा. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला आणि त्याला कुणी वाली उरला नाही. पाळीवर बेशरमाची झुडपं माजली, पोटात गाळ साचला. रोवणी आटोपली की नेमकी पावसाने दडी मारायची, बांध्यांना भेगा पडायच्या, आणि तलावात पाणी असूनही ते शेवटच्या धुऱ्यापर्यंत पोचायचं नाही. दुरुस्तीचा अर्ज गावाने किती वेळा दिला! उत्तर एकच: निधी नाही. आणि वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण? २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. तो पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. त्या दिवशी जन्मलेल्या पोराची पोरं शाळेत जाऊ लागली, कालव्याची कामं सुरूच होती.

कराराला कायद्याचे दात नव्हते. ते राज्यघटनेच्या कलम ३७१ (२) ने दिले: वैधानिक विकास मंडळ आणि समन्यायी वाटपाची राज्यपालांवर विशेष जबाबदारी. ही तरतूद १९५६ ची. मंडळं प्रत्यक्ष आली १९९४ मध्ये! आणि ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली तेव्हा ती वाढवली गेली नाही. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मी वेगळ्या राज्याच्या बाजूचा झालो तो यामुळे. जी हमी ३८ वर्षं उशिरा येते आणि गाजावाजा न होता निघून जाते, तिच्यावर पुढच्या पिढीने किती दिवस काढायचे?

प्रश्न : आम्ही वाशिमचे. वेगळं राज्य झालं तर मुंबईऐवजी नागपूर सगळं ओढून नेईल, एवढाच फरक. बरोबर ना?

उत्तर : भीती रास्त आहे. नागपूरकर मित्र रागावतील, पण विमानतळाजवळचा मिहान उद्योग-प्रकल्प असो, मेट्रो असो, जे मोठं आलं ते नागपुरातच आलं. वऱ्हाडाच्या वाट्याला पराटी आणि कर्ज. तरीही आकडा बघा. आजच्या ६२ मध्ये अमरावती विभागाचे ३० आहेत, नागपूर विभागाचे ३२. म्हणजे वऱ्हाडाला डावलून तिथे अर्थसंकल्प मंजूर करणं सोपं जाणार नाही. वाशिमचे तीन आमदार आज २८८ मध्ये तीन आहेत, तिथे ६२ मध्ये तीन असतील. गडचिरोलीचंही तेच. एवढ्याने भागेल असं मात्र समजू नका. नव्या राज्यातही वऱ्हाड, धानपट्टा आणि जंगलपट्टा यांच्यासाठी खर्चाचं सूत्र कायद्यातच लिहून घ्या, आणि ते राज्य होण्याआधी मागा. नंतर कुणी देत नाही.

प्रश्न : महाराष्ट्राची विधानसभा वेगळ्या विदर्भाचा ठराव कधीच करणार नाही. मग बोलून उपयोग काय? (चंद्रपूर)

उत्तर : ठरावाची अट नाहीच. राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणे राष्ट्रपती विधेयक विधानसभेकडे मतासाठी पाठवतात. ते मत संसदेवर बंधनकारक नसतं. आंध्रच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये तेलंगणाचं विधेयक फेटाळलं, फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केलं, २ जूनला राज्य झालं. अडचण वेगळीच आहे. तेलंगणात या मागणीवर सरकारं हलली. आपण १९६२ ला बापूजी अणे आणि १९७१ ला जांबुवंतराव धोटे यांना नागपुरातून लोकसभेत पाठवलं, पण आता मत देताना हा मुद्दा घरी ठेवून जातो. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की त्याला एवढंच विचारा: विकास मंडळ परत आणण्यासाठी तुम्ही सभागृहात कधी उभे राहिलात?