वाचक विचारतात : घरी बसून पगार, पण किती आणि कुणाच्या मर्जीने?

महासाथीच्या काळातला फर्लो (काम नसताना माणसाला नोकरीत ठेवून घरी बसवणं), सक्तीची रजा आणि घरून काम या विषयांवर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझा मुलगा 2020 मध्ये लंडनच्या एका रेस्टॉरंटमध्ये वेटर होता. त्याला फर्लोवर ठेवलं होतं, सरकार 80 टक्के पगार देत होतं. तरी फोनवर सतत कुरकुर. काम न करता पैसे मिळत असताना तक्रार कसली? (एक आई, ठाणे)

80 टक्के कशाचे, हे आधी पाहू. ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री रिशी सुनक यांनी 20 मार्च 2020 ला ही योजना जाहीर केली. नेहमीच्या पगाराचे 80 टक्के सरकार देणार, पण महिन्याला 2,500 पौंडांच्या वर नाही. वेटरच्या कमाईत ताशी मजुरी असते आणि टिप असते. टिप या हिशेबात धरलीच नव्हती. पंचवीस आणि त्याहून जास्त वयाच्यांसाठी तेव्हा किमान वेतन ताशी 8.72 पौंड होतं, त्याचे 80 टक्के म्हणजे साधारण 6.98. किमान वेतनाचा कायदा केलेल्या कामाला लागू होतो आणि इथे काम शून्य, त्यामुळे किमान वेतनापेक्षा कमी देणंही नियमात बसत होतं. या रकमेतून कर आणि विम्याची वर्गणी नेहमीप्रमाणे कापली जायची. घरभाडं मात्र पूर्ण द्यायचं.

तासांवर काम करणाऱ्यांसाठी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची कमाई किंवा 2019-20 ची मासिक सरासरी, यातला जास्त आकडा घेत. वरच्या टोकाला वेगळंच. महिना 3,125 पौंड पगारापर्यंत खरे 80 टक्के मिळत, 5,000 पौंडवाल्याला निम्मेच. वरची तूट भरून काढायची की नाही, हे मालकाच्या खुशीवर. म्हणून शेजारच्या दोन दुकानांतले लोक याच योजनेबद्दल अगदी उलट बोलताना आढळत.

पैशांपेक्षा जास्त सलणारी गोष्ट म्हणजे निर्णय कुणाचा, ही. कर्मचाऱ्याची संमती कागदावर घ्यायची होती, पण नाही म्हटलं तर नोकरी जाण्याची टांगती तलवार. उलट ज्यांना स्वतःहून फर्लो हवा होता त्यांना तो हक्काने मागता येत नव्हता. शाळा बंद, मूल घरात, अशा पालकांना फर्लोवर ठेवायला नियमांची आडकाठी नव्हती. तरी जानेवारी 2021 मध्ये टीयूसी या कामगार महासंघाने केलेल्या पाहणीत, फर्लो मागितलेल्या नोकरदार आयांपैकी 71 टक्के जणींना नकार मिळाल्याचं दिसलं.

आणि मुदत! योजना 31 ऑक्टोबर 2020 ला बंद होणार होती. ती वाढवल्याची घोषणा त्याच दिवशी संध्याकाळी झाली. तोवर अनेक मालकांनी माणसं कमी करून टाकली होती. शेवटी 30 सप्टेंबर 2021 ला ती संपली. तोवर एकूण 1 कोटी 17 लाख नोकऱ्यांना तिचा आधार मिळाला होता आणि सुमारे 70 अब्ज पौंड खर्च झाले होते. योजना चांगलीच होती, असं आमचं मत आहे. पण आपण परत कामावर जाणार की नाही हे महिनोन्‌महिने माहीत नसलेल्या तरुणाने कुरकुर केली, तर त्यात आळस शोधू नये.

प्रश्न : मी तेव्हा इंग्लंडमध्ये वर्क व्हिसावर होतो. मला फर्लोवर ठेवूनही साहेब रोज एक-दोन मेलची उत्तरं मागत. घरून पूर्ण काम करणारे सहकारी आमच्याकडे फुकटे म्हणून पाहत. नियम नेमके काय होते? (वाचक, लेस्टर)

एक मेलसुद्धा बसत नव्हता. फर्लोच्या तासांत मालकासाठी पैसा कमावून देणारं किंवा सेवा पुरवणारं कोणतंही काम चालत नव्हतं. प्रशिक्षण घेता येत होतं, पण तेवढ्या तासांना किमान वेतन लागू. करारात मनाई नसेल तर दुसऱ्या मालकाकडे नोकरी करता येत होती, समाजसेवाही. 1 जुलै 2020 पासून अर्धवेळ फर्लो आला, तेव्हा केलेल्या तासांचे पूर्ण पैसे मालकाने द्यायचे आणि उरलेल्या तासांचे 80 टक्के सरकारने. त्याआधी मात्र किमान सलग तीन आठवडे काम शून्य, अशी अट होती. आपल्या साहेबांनी मागितलेलं काम म्हणजे सरकारी अनुदानाचा गैरवापरच होता. त्याची तक्रार करखात्याकडे करता येत होती, पण व्हिसा मालकाच्या हातात असलेला माणूस ती कशाला करेल?

व्हिसाबद्दल : फर्लोचा पगार ‘सरकारी मदत’ धरला जात नव्हता, त्यामुळे तो घेतल्याने व्हिसाची अट मोडत नव्हती. प्रायोजक कंपनीला पगार तात्पुरता 80 टक्क्यांवर किंवा 2,500 पौंडांवर, यातला जो कमी असेल त्यावर आणण्याची मुभा होती. मात्र सगळ्या कर्मचाऱ्यांना तोच नियम लावायचा आणि व्यवस्था संपली की पगार पूर्ववत करायचा, या अटीवर.

सहकाऱ्यांचा राग समजण्यासारखा आहे. पाच जणांचं काम तिघांवर पडलं होतं आणि पगार तेवढाच होता. ज्या कंपन्यांनी तीन-तीन आठवड्यांची पाळी लावून सगळ्यांना आलटून पालटून फर्लोवर पाठवलं, तिथे ही धुसफूस कमी होण्याचा संभव होता.

प्रश्न : आमच्या चाकणच्या कारखान्यात लॉकडाऊनमध्ये कायम कामगारांना थोडाफार पगार मिळाला, कंत्राटी पोरांना काहीच नाही. आपल्याकडे फर्लोसारखं काहीच नव्हतं का? (कामगार, चाकण)

सरकारी तिजोरीतून पगार, असं काही नव्हतं. 29 मार्च 2020 ला केंद्रीय गृहमंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला, की बंद काळातला पगार मालकाने कपात न करता द्यावा. पैसे मालकाचे, आदेश सरकारचा. 18 मे पासून तो मागे घेतला गेला आणि 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मालक-कामगारांनी आपसात तडजोड करावी, मालकांवर सक्तीची कारवाई नको. युनियन मजबूत तिथे तडजोड, नाही तिथे व्यवस्थापन म्हणेल ते.

जुन्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातला ‘ले-ऑफ’ (काम देता येत नाही म्हणून कामगाराला तात्पुरतं घरी बसवणं) हा आपल्याकडचा फर्लोचा जवळचा नातेवाईक. त्यात मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या 50 टक्के भरपाई मिळत असे. पण कुणाला? कारखाना, खाण किंवा मळा यात कामाला असलेल्याला, कामगार 50 किंवा जास्त असतील तर, हजेरीपटावर नाव आणि वर्षभराची सलग नोकरी असेल तर. बदली आणि हंगामी कामगार बाहेर. हॉटेल, दुकान, ऑफिसही बाहेर. शिवाय दिवसातून किमान एकदा गेटवर हजेरी द्यायची अट. गाड्या बंद, नाक्यावर पोलीस, तेव्हा हजेरी कोण देणार! कंत्राटी मुलांचं नाव ठेकेदाराच्या पटावर होतं आणि बऱ्याच ठेकेदारांनी फोन बंद ठेवले.

भविष्य निर्वाह निधीतून न परतीची उचल घेता येत होती : तीन महिन्यांचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता किंवा शिलकीच्या 75 टक्के, यातलं कमी असेल ते. शिलक 1,20,000 आणि वेतन-भत्ता 14,000 असेल तर एकीकडे 42,000, दुसरीकडे 90,000, म्हणून हातात 42,000. ती आपलीच म्हातारपणाची पुंजी. नोकरी गेलेल्या ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) विमाधारकांना सरासरी रोजच्या कमाईच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, असा भत्ता होता. पण नोकरी ‘गेली’ असं लिहून द्यायला मालक तयार नसे आणि पगारही देत नसे. अशा अधांतरी लोकांची चीड सर्वांत जास्त होती, आणि ती रास्त होती.

प्रश्न : आमच्या आयटी कंपनीत घरून कामाबद्दल कर्मचाऱ्यांचं मत घ्यायचं आहे. मागच्या वेळी 90 टक्क्यांनी ‘आवडतं’ लिहिलं आणि तरी लोक सोडून गेले. (एचआर, हिंजवडी)

‘आवडतं का’ विचारलंत तर ‘आवडतं’ हेच येणार. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाच्या 2021 च्या पाहणीत घरून काम करणाऱ्यांपैकी 85 टक्क्यांना पुढेही घर आणि ऑफिस दोन्ही हवं होतं. म्हणजे खरा प्रश्न किती दिवस आणि कोणते, हा आहे. त्यामुळे असं विचारा :

- आठवड्यातून किती दिवस ऑफिसला यायला तयार आहात, आणि वार तुम्ही ठरवणार की टीम?
- येण्याजाण्यात किती मिनिटं जातात?
- घरात दार लावता येईल अशी कामाची जागा आहे का, आणि त्याच वेळी आणखी किती जण कॉलवर असतात?
- कामाच्या वेळेत घरातल्या कामासाठी किती वेळा उठावं लागतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बायका आणि पुरुष वेगळं काढून पाहा. ‘घरूनच बरं’ असं लिहिणाऱ्या कित्येक जणींना घर आवडतं म्हणून नव्हे, तर सासू-सासऱ्यांचं औषध आणि मुलांचा डबा यांना दुसरा वाली नाही म्हणून घर हवं असतं. उपाय वेगळे : एकीला वेळेची लवचीकता, दुसरीला पाळणाघर.

कंपनीच्या लॉगिनवरून उत्तरं घेऊ नका. दहापेक्षा कमी लोकांच्या गटाचा निकाल वेगळा दाखवू नका, नाहीतर कुणी काय लिहिलं हे टीम लीडर दुपारच्या चहापर्यंत ओळखतो. पगारवाढीच्या आधीच्या महिन्यात तर विचारूच नका. निर्णय आधीच झाला असेल तर पाहणी न केलेली बरी.

प्रश्न : घरून कामाचा वीज-इंटरनेट खर्च करातून वजा होतो का? (वाचक, डोंबिवली)

पगारदाराला त्यासाठी वेगळी वजावट नाही. कंपनीने ठोक भत्ता दिला तर तो करपात्र. फोनच्या बिलाची परतफेड केली तर तिच्यावर कर लागत नाही, म्हणून बिल स्वतःच्या नावावर असू द्या आणि दर महिन्याला जमा करा. ब्रिटनमध्ये महासाथीच्या काळात आठवड्याला 6 पौंडांवर करसवलत होती. 20 टक्के कर भरणाऱ्याला वर्षाकाठी 62.40 पौंड वाचत.