घोडीला शांत करणारे च्यू देण्याआधी तिची वैरण बघा

तुमचा प्रश्न मला असा कळला: तबेल्यात गरीब असलेली सात वर्षांची घोडी स्पर्धेच्या मैदानात पाय ठेवताच घामाघूम होते, वॉर्म-अपमध्ये बुजते, लगाम ओढून धरते. म्हणून चघळायचे परदेशी 'काल्मिंग च्यू' मागवावेत का?

माझ्या मते आत्ता मागवू नका. मीही एकदा हाच रस्ता धरला होता. माझा घोडा उड्या चांगल्या मारायचा, पण स्पर्धेच्या सकाळी दाण्याला तोंड लावायचा नाही. पट्टा आवळताना चावायला यायचा. सगळे म्हणाले, गरम डोक्याचा आहे. दोन डबे च्यू संपले, फरक शून्य. शेवटी डॉक्टरांनी पोटात दुर्बीण घातली तेव्हा अल्सर दिसले. त्या बिचाऱ्याला मी महिनोन्‌महिने हट्टी ठरवलं होतं, याचं आजही वाईट वाटतं.

घोड्याच्या जठरात आम्ल रात्रंदिवस झिरपत राहतं, पोट रिकामं असलं तरी. ते सौम्य करणारी लाळ मात्र चावताना सुटते, एरवी नाही. आता हिशोब बघा. एक किलो सुकं गवत चावायला घोड्याला साधारण ४० मिनिटं लागतात, तेवढ्याच ओटला जेमतेम १०. च्यू तर अर्ध्या मिनिटात गायब. आणि स्पर्धेच्या दिवशी आपण काय करतो? पहाटे गाडीत चढवतो, 'पोट हलकं हवं' म्हणून वैरण काढून घेतो आणि दाण्याची पाटी वाढवतो. रिकाम्या पोटी दौडताना आम्ल उसळून जठराच्या वरच्या नाजूक भागाला लागतं. घोडी बुजेल नाही तर काय?

म्हणून गाडीत आणि मैदानावरच्या तबेल्यात गवताची जाळी कायम टांगलेली ठेवा. खोगीर चढवण्याआधी दोन-चार मुठी लसूणघास द्या. त्या घासातल्या कॅल्शियममुळे आम्लाला थोडा आवर बसतो. मोतद्दाराला हे नीट समजावून सांगा, कारण पाटी तोच भरतो. दाणा कमी करायचा तर हळूहळू करा. पट्टा आवळताना कान मागे टाकणं, दाणा अर्धवट सोडणं, वजन उतरणं यांतलं काही दिसत असेल, तर दुर्बिणीची तपासणी कराच. अल्सर निघालेच तर त्यावरचं ओमेप्राझोल हे औषध एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) नियमांत स्पर्धेच्या काळातही चालतं.

आता च्यूंबद्दल. बहुतेकांत मॅग्नेशियम, ट्रिप्टोफॅन, बी जीवनसत्त्वं, कधी दुधातलं प्रथिन असतं. अंगात मॅग्नेशियम कमी असेल तर त्याचा उपयोग होतो. पुरेसं असेल तर जास्तीचं घालून घोडा शांत होतो, याला भक्कम पुरावा नाही. ट्रिप्टोफॅनचंही तसंच.

खरी भीती वनस्पतींची. व्हॅलेरियनमधलं व्हॅलेरेनिक आम्ल एफईआयच्या बंदी यादीत आहे, आणि आपल्याकडची औषधी तगर (बागेतलं पांढऱ्या फुलांचं झाड नव्हे) त्याच कुळातली. तेव्हा ओळखीच्या माणसाने दिलेलं 'आयुर्वेदिक शांती चूर्ण' स्पर्धेच्या घोड्याला चुकूनही देऊ नका. खसखशीतून मॉर्फिन येतं, चॉकलेटमधून थिओब्रोमिन, आणि दोन्ही तपासणीत पकडली जातात. तबेल्यात येणाऱ्या मुलांना खाऊ द्यायला बंदी घाला. डब्यावर काहीही छापलेलं असो, एफईआय कुठल्याही पूरक आहाराला मान्यता देत नाही. घोड्याच्या रक्त-लघवीच्या नमुन्यात काही सापडलं तर जबाबदार धरतात ते स्वाराला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये शो जंपिंगचं वैयक्तिक सुवर्ण आयर्लंडच्या कियन ओकॉनरने जिंकलं होतं. वॉटरफर्ड क्रिस्टल या त्याच्या घोड्याच्या नमुन्यात माणसांच्या मानसिक आजारांवरची दोन औषधं, फ्लुफेनाझिन आणि झुक्लोपेन्थिक्सॉल, सापडली आणि पदक गेलं. ते ब्राझीलच्या रॉड्रिगो पेसोआला मिळालं.

एवढं सगळं करूनही च्यू द्यायचेच असतील, तर घटकांची पूर्ण यादी छापलेलेच घ्या, डॉक्टरांना दाखवा, बॅच नंबर लिहून ठेवा आणि त्याच डब्यातले दोन-तीन बाजूला काढून ठेवा. पहिल्यांदा देऊन बघायचे ते घरच्या तबेल्यात, सरावाच्या दिवशी.

त्याआधी एक करून बघा. स्पर्धा नसताना घोडीला गाडीतून मैदानावर न्या, सोबत तिचा ओळखीचा जोडीदार घोडा असू द्या. अर्धा तास हाताने चालवा, गवत चारा, खरारा करा आणि पाठीवर न बसता परत आणा. असं तीन-चारदा केल्यावर तिच्या घामात काही फरक पडतो का ते इथे लिहा, मी वाट बघतो.