ऑटो नुसताच पलटी झाला, कुणाला धडकला नाही, मग क्लेम होतो का?

प्रश्न : आमची आई बाजाराच्या दिवशी अ‍ॅपेनं जिंतूरला चालली होती, मागं जागा नव्हती म्हणून ड्रायव्हरच्या बाजूला पुढं बसली. वळणावर कुत्रं आडवं आलं, त्यानं ब्रेक मारत हँडल वळवलं अन् गाडी पलटी. कुत्र्याला साधं खरचटलं पण नाही, आईचं मनगट अन् गळ्याजवळचं हाड मोडलं. आता मालक म्हणायलाय की कुणी ठोकलंच नाही तर क्लेम कुणावर करता. तो गावातलाच आहे, रोज तोंडं बघायची, त्यामुळं आम्हालाही बोलायला जड जायलंय.
— एक वाचक, जिंतूर तालुका

उत्तर : दादा, मालक चुकीचं सांगायलाय. मोटार वाहन कायद्यात धडक झालीच पाहिजे अशी अटच नाही, गाडी वापरताना अपघात झाला एवढं पुरे, मग ती पलटी होवो नाहीतर माणूस चालत्या गाडीतून बाहेर फेकला जावो. पॅसेंजर गाडीच्या सक्तीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत आतला प्रवासी धरलेला असतो, त्यामुळं पॉलिसी चालू असंल तर पैसे सहसा विमा कंपनी देती, तुमच्या गाववाल्याच्या खिशातून जात नाहीत, हे त्याला चहा पाजून शांतपणे सांगा, निम्मं भांडण तिथंच मिटंल. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा, तुम्ही राहता तिथल्या हद्दीत पण चालतो, अन् कायद्यानं मुदत सहा महिन्यांची आहे म्हणून सुगी उरकू द्या मग बघू असं करू नका. कलम १६४ मध्ये चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख अन् मृत्यूला पाच लाख ठरलेत, हाड मोडणं हे गंभीर दुखापतीतच येतं. कलम १६६ मध्ये जास्त मिळू शकतं पण तिथं ड्रायव्हरची चूक दाखवावी लागती, अन् १६४ चे पैसे घेतले की १६६ चा दावा संपतो, म्हणून कोणता रस्ता धरायचा ते वकिलाला विचारूनच ठरवा.

खरी गोची वेगळीच असती. पोलिसाचं लफडं नको म्हणून लोक दवाखान्यात सरळ "घरी पाय घसरून पडली" असं सांगतात, डॉक्टर तेच लिहितात, अन् पुढं वकिलानं कितीही डोकं आपटलं तरी तो कागद आडवा येतो. तुमच्या केसपेपरवर काय लिहिलंय ते आजच बघा, अन् पोलिसात नोंद नसंल तर ती करून घ्या. अजून एक, मालवाहू अ‍ॅपेत वेचणीला बायका भरून नेतात ना, त्यांना या पॉलिसीतून मिळवणं लई अवघड जातं.

आई पुढं बसली यात तिचा दोष नाही, जागाच नव्हती, पण ती सीटच वाईट. तीनचाकीचा पाया त्रिकोणी, पुढं निमुळता. ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूला माणसं कोंबली की वजन त्या निमुळत्या टोकाकडं सरकतं, टपावर पोती असली तर वर पण चढतं, अन् वळताना ब्रेक मारला की सगळा भार पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यावर येतो, जिथं चाकच नाही. बाजूला दार नाही, माणूस बाहेर पडताना हात टेकवतो म्हणून मनगट अन् गळ्याजवळचं हाड जातं. गाडीखाली हातपाय सापडला तर कातडी सोलून निघती, ते तर लई वाईट. डोक्याला लागलेला माणूस आधी बरा बोलतो अन् काही तासांनी उलट्या, सुस्ती सुरू होती, तेव्हा त्याला झोपू द्या म्हणायचं नाही, लगेच सिटी स्कॅन असंल तिथं न्यायचं.

प्रश्न : मुलाच्या फाइलवर "व्ही ३८.६" लिहिलंय. हा कुठला आजार?
— एक वाचक, परळी

उत्तर : आजार नाही ताई, घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीतला कोड आहे तो, दुखापत कशानं झाली ते सांगणारा. व्ही ३८ म्हणजे तीनचाकी मोटारीतला माणूस धडकेशिवाय जखमी झाला, त्यात पलटी होणं अन् गाडीतून पडणं दोन्ही आलं, अन् पुढचा ६ म्हणजे रस्त्यावर प्रवासी म्हणून. ड्रायव्हर असता तर ५, चढता-उतरता पडला असता तर ४. दावा करणार असाल तर या पानाची झेरॉक्स काढून ठेवा, टक्कर नव्हती तरी अपघात ऑटोचाच होता हे दवाखान्यानंच लिहून दिलंय.