स्लिंग किती आवळावी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : 50 मीटर रायफल प्रोनमध्ये (पालथं पडून मारताना) दंडाला स्लिंग, म्हणजे रायफल पेलणारा पट्टा, लावून नेम धरतो. पट्टा चांगला आवळून घेतला तरी ग्रुप (कागदावरचा गोळ्यांचा पुंजका) पसरतोच आणि वीसेक गोळ्यांनंतर डाव्या हाताला मुंग्या येतात. आणखी घट्ट करू का?

उत्तर : नाही. उलट आधी एक-दोन भोकं सैल सोडा. स्लिंग रायफलला जखडण्यासाठी नसते, रायफलचं वजन स्नायूंवरून काढून हाडांवर टाकण्यासाठी असते. कोपर जमिनीवर, पंजा हँडस्टॉपला (रायफलखाली पुढे बसवलेला, हात अडवणारा ठोकळा) भिडलेला आणि पट्टा दंडापासून थेट हँडस्टॉपपर्यंत, असा हा त्रिकोण आहे. वजनाने कोपर उलगडायला बघतं, पट्टा ते उलगडू देत नाही. दंडाच्या स्नायूला काही करावंच लागत नाही, म्हणून तो थरथरत नाही.

ही थरथर किती महाग पडते ते पाहा. दोन साइटमधलं अंतर 80 सेंटिमीटर धरलं, तर पुढची साइट 0.1 मिलिमीटर हलली की 50 मीटरवर गोळी सुमारे 6 मिलिमीटर सरकते. दहाच्या वर्तुळाचा व्यासच 10.4 मिलिमीटर आहे.

लांबी ठरवताना चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामी आणि बोल्ट (ती बंद करणारा खिट्टा) उघडा ठेवा. पट्टा दंडावर जितका वर बसेल तितका बसवा, काखेच्या जवळ. पिळा न पडता तो पंजाच्या पाठीवर सपाट टेकला पाहिजे, मनगट सरळ हवं. मग आडवे व्हा, दस्ता खांद्यात घ्या आणि सैल बाजूकडून एकेक भोक कमी करत या. प्रत्येक भोकाला डाव्या हाताची बोटं पूर्ण उघडून बघा. नळीचं टोक खाली बसलं तर पट्टा अजून सैल आहे. दस्ता बसवायला उजव्या हाताने थोडं रेटावं लागणं ठीक, पण त्यासाठी खांदाच पुढे काढावा लागत असेल तर पट्टा आखूड झाला. बोटं उघडी असताना रायफल जिथल्या तिथे राहिली की तेच तुमचं भोक. त्याचा नंबर वहीत लिहा. नीलिंगचा (गुडघा टेकून मारण्याचा) नंबर वेगळा असतो, तोही लिहा.

हँडस्टॉप आणि पट्टा एकाच वेळी हलवू नका. हँडस्टॉप पुढे सरकवला की पट्टा आपोआप ताणला जातो आणि रायफल खाली येते. मग गडबड कशामुळे झाली तेच कळत नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाने प्रोनमध्ये डाव्या हाताचा कोपरापुढचा भाग जमिनीशी किमान 30 अंश कोन करणारा हवा, तोही यातूनच बिघडतो.

मुंग्यांचं कारण बहुधा पट्टा दंडावरून घसरून कोपराकडे येणं हे असतं. जाकिटाच्या बाहीवर पट्ट्याच्या वरच्या कडेला खडूची रेघ मारा आणि दहा गोळ्यांनंतर बघा. पट्टा रेघेखाली उतरला असेल तर बाहीवरचा हूक किंवा पट्टी वापरा, नुसतं आवळून तो थांबत नाही. हात बधिर झाला तर मात्र तिथेच थांबा, पट्टा सोडा. बधिर हाताने केलेल्या सरावातून चुकीची सवय लागते.

प्रश्न : पुढची साइट ठरावीक लयीत उडी मारते. हे नाडीचे ठोके आहेत का?

उत्तर : लय नाडीशी जुळत असेल तर हो. दंडाची मोठी धमनी आतल्या बाजूने जाते. बकल किंवा पट्ट्याची गाठ तिच्यावर आली की प्रत्येक ठोका पट्ट्यातून रायफलपर्यंत पोचतो. ताणाची जागा फिरवून दंडाच्या बाहेरच्या अंगाला आणा, जाड जाकीट आणि पॅडचा हातमोजा वापरा. श्वासाबरोबर होणारी हालचाल मात्र वेगळी. ती सरळ वर-खाली असावी, तिरकी असेल तर डावं कोपर रायफलखाली नीट आलेलं नाही.

प्रश्न : बॅगवर ठेवून झीरो केलेली (नेम आणि गोळी एकाच जागी पडेल अशी साइट जुळवलेली) रायफल स्लिंग लावल्यावर खाली डावीकडे मारते. साइट खराब आहे का?

उत्तर : साइटवर संशय घेण्याआधी नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघा. पट्टी अडकली तर नळी लाकडाला टेकते आहे. स्लिंग फोर-एंडला (लाकडाचा नळीखालचा पुढचा भाग) खाली आणि डावीकडे ओढते, लाकूड नळीला ओढतं आणि गोळी त्याच दिशेला जाते (उजव्या हाताच्या नेमबाजाची). नळी मोकळी करून घेणं हा पक्का उपाय, पण ते काम जाणकार गनस्मिथचं. तोवर झीरो स्लिंग लावूनच करा, त्याच भोकावर. पाच गोळ्या स्लिंगने, पाच बॅगवर मारल्या की फरक कागदावर दिसेल. चामड्याचा पट्टा घामाने आणि दमट हवेने ताणतो, तेव्हा तेच भोक म्हणजे तोच ताण असं गृहीत धरू नका.

नळी मोकळी असूनही गोळ्या एकाच बाजूला जात असतील तर दोष रोखाचा, म्हणजे शरीर सैल सोडल्यावर रायफल आपोआप जिकडे वळते त्या दिशेचा. नेम धरा, डोळे मिटा, दोनदा श्वास घ्या-सोडा, मग उघडा. साइट बाजूला गेली असेल तर हाताने ओढून आणू नका. डावं कोपर जागेवर ठेवून कंबर सरकवा. कंबर डावीकडे गेली की नळीचं टोक उजवीकडे जातं.

प्रश्न : रायफल खांद्याला अडकवायचा साधा पट्टा हाताभोवती वळसा घालून वापरला तर चालेल का? उभं राहूनही?

उत्तर : चालतो, पण आधार अर्धवट मिळतो. तो पुढच्या आणि मागच्या दोन्ही स्विव्हलना (पट्टा अडकवायच्या कड्या) जोडलेला असल्याने ताण दिला की दस्ताही ओढला जातो आणि खांद्यातली त्याची जागा हलते. दंडाच्या फासाची स्लिंग फक्त पुढच्या बाजूने ओढते, म्हणून दस्ता हलत नाही. आयएसएसएफच्या स्पर्धेत उभ्या स्थितीत स्लिंगला परवानगीच नाही. ती फक्त प्रोन आणि नीलिंगला, रुंदी जास्तीत जास्त 40 मिलिमीटर. नीलिंगमध्ये कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवू नका, दोन गोल हाडं एकमेकांवर घरंगळतात. टोकाच्या जरा वरचा, दंडाचा सपाट भाग टेकवा.